उपचाराच्या दाराशी कोण पोहोचते?

चाकणच्या तळेगाव चौकात मगरिबची अजान अनेकदा ऐकूच येत नाही. पुणे-नाशिक रस्त्यावरचे कंटेनर, कंपन्यांच्या बस आणि शिफ्ट सुटलेल्यांच्या दुचाकी यांच्या आवाजात ती बुडून जाते. मग रोजेदार मोबाइलवरची वेळ पाहतात. महाळुंगे, निघोजे, खराबवाडीकडून आलेले कामगार हातगाडीवरून खजूर आणि कलिंगडाच्या फोडी घेतात, उभ्याउभ्याच रोजा सोडतात आणि पाण्याची बाटली तोंडाला लावतात. त्यांतल्या काहींचा हात लगेच खिशाकडे वळतो. तंबाखूची पुडी, विडी, बंदी असूनही मिळणारा गुटखा. पहाटेच्या सहरीनंतर सुमारे तेरा तास ज्याने पाण्याचा घोटही घेतलेला नसतो, त्याला खजुराची बी टाकायच्या आधीच तंबाखू हवी असते.

हे दृश्य इतके नेहमीचे झाले आहे की त्याकडे कुणी वळून पाहत नाही. खरे तर त्यात आशेची एक गोष्ट दडलेली आहे. हा माणूस महिनाभर रोज तेरा तास व्यसनाशिवाय काढतो आहे. व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्याला याहून चांगली सुरुवात कुठे मिळणार? पण ईदचा चंद्र दिसतो आणि बहुतेकांची गाडी पुन्हा जुन्या रुळावर येते. ज्यांची येत नाही, त्यांच्यात आणि इतरांच्यात फरक कसला? इच्छाशक्तीचा, असे आपण पटकन म्हणून टाकतो. कुणी इमानाचा म्हणेल, कुणी संस्काराचा. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातला अनुभव आणि अभ्यास मात्र वेगळ्याच गोष्टींकडे बोट दाखवतात. रुग्ण पुरुष आहे की बाई, कुठल्या मुलखातून आला, कोणती भाषा बोलतो, कोणत्या समाजाचा आहे आणि त्याला उपचाराच्या दारापर्यंत आणणारे कुणी आहे का, यावर पुढचे बरेच काही ठरते.

अडतिसात एक

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या ‘एम्स’कडून करून घेतलेले राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक दारू पितात. पुरुषांत हे प्रमाण २७.३ टक्के, स्त्रियांत १.६ टक्के. म्हणजे पिणारी एक बाई, तर पिणारे सतरा पुरुष. याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा अधिक अस्वस्थ करणारा आहे. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाला कोणत्या ना कोणत्या प्रकारचा उपचार मिळतो. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा १८० जणांत एक.

तो एक कोण असतो? पिंपरी-चिंचवडपुरते बोलायचे तर त्याचे चित्र डोळ्यांसमोर आणणे अवघड नाही. कायम नोकरीतला कामगार, साधारण चाळिशीचा, मराठी बोलणारा. त्याची रजा शिल्लक आहे. कंपनीच्या वेल्फेअर ऑफिसरने एकदा-दोनदा समज दिली आहे, युनियनच्या माणसाने मध्यस्थी केली आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याची बायको त्याला रिक्षात घालून घेऊन आली आहे. अठ्ठावीस वेळा भांडून, दोनदा माहेरी जाऊन, शेवटी कुणाकडून तरी पत्ता मिळवून ती आली आहे. हा माणूस बरा झाला तर श्रेय त्याच्या निश्चयाला मिळते. तिच्या रिक्षाभाड्याचा हिशेब कुणी मांडत नाही.

आता रुग्ण बदलून पाहू. पिणारी बाई असेल तर तिला रिक्षात घालून कोण आणणार?

मोर्चात दिसते, खाटेवर दिसत नाही

महाराष्ट्रात दारूच्या प्रश्नात बाई नेहमी दिसते, पण ठरावीक जागी. दारूबंदीच्या मोर्चात ती पुढे असते. ‘उभी बाटली, आडवी बाटली’च्या मतदानात तिच्या मतावर दुकाने बंद झाली आहेत. व्यसनमुक्ती केंद्रात ती बायको म्हणून, आई म्हणून समोरच्या खुर्चीत बसलेली असते. रुग्णाच्या खाटेवर मात्र ती क्वचितच दिसते. पिणाऱ्या स्त्रिया कमी आहेत, हे त्याचे एक कारण. पण ज्या आहेत, त्याही येत नाहीत. नवरा व्यसनी असेल तर बायको वर्षानुवर्षे सोबत राहते. बायको व्यसनी निघाली तर तिला माहेरी पोहोचवले जाते आणि मुले ठेवून घेतली जातात. उपचाराला जाणे म्हणजे चारचौघांत कबुली देणे, आणि कबुली म्हणजे मुले गमावण्याची भीती. मग ती दाराच्या आतच पीत राहते, किंवा डॉक्टरांनी कधीकाळी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली झोपेची गोळी पाच वर्षे चालू ठेवते.

त्यात तिचे शरीरही तिला वेळ देत नाही. स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण पुरुषापेक्षा कमी असते आणि जठरात दारूचे विघटन करणारे विकरही कमी असते. तेवढीच दारू तिच्या रक्तात जास्त चढते. यकृताला इजा लवकर होते. पिण्याची सुरुवात आणि आहारी जाणे यांतले अंतर पुरुषापेक्षा कमी वर्षांत कापले जाते. म्हणजे जिला लवकर उपचार हवा, तीच सर्वांत उशिरा येते.

मग उपचारात ती मागे पडते का? हार्वर्ड विद्यापीठातल्या मानसोपचारतज्ज्ञ शेली ग्रीनफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये या विषयावरच्या तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. निष्कर्ष साधा होता. स्त्रिया उपचारापर्यंत पुरुषांपेक्षा कमी पोहोचतात; पण एकदा आत आल्या, की केवळ स्त्री असल्यामुळे त्यांचा निकाल वाईट लागत नाही. अडचण दारात आहे, खोलीत नाही.

पुण्याला हे फार आधी कळायला हवे होते, आणि काहींना कळलेही होते. डॉ. सुनंदा (अनिता) अवचट आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले, ते पु. ल. देशपांडे यांच्या पाठबळाने. त्या काळी शहरात ब्राउन शुगरने तरुण मुले उद्ध्वस्त होत होती; अवचटांनी ‘गर्द’ लिहिले ते त्याच काळात. मुक्तांगणचे वेगळेपण असे, की तिथे व्यसनातून बाहेर आलेला माणूसच पुढच्या रुग्णाचा हात धरतो. रुग्णांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो. नवरा पीत असताना बायको किती थकते, याला स्वतंत्र जागा मिळाली. पण पेशंट असलेल्या बाईसाठी वेगळा विभाग, ‘निशिगंध’, सुरू व्हायला २००९ साल उजाडले. स्थापनेनंतर तेवीस वर्षांनी. यात संस्थेचा दोष काढण्यासारखे काही नाही. तिने निदान तो विभाग काढला. स्वतःला व्यसनमुक्ती केंद्र म्हणवणाऱ्या किती जागा ‘फक्त पुरुषांसाठी’ आहेत, हे कुणीही चार ठिकाणी फोन करून पाहावे.

शास्त्राचीही तीच गत आहे. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने एक महत्त्वाचा प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या पिणाऱ्यांशी मोजक्या बैठकांत बोलायचे. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या गटात ३६ टक्के आणि नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटात २६ टक्के लोकांचे पिणे धोक्याच्या रेषेखाली आले होते. मोठ्या रुग्णालयाशिवाय, भरती न करता हे होऊ शकते, हे आपल्या शेजारच्या राज्याने दाखवून दिले. मात्र प्रयोगात सहभागी झालेले सर्वच्या सर्व, ३७७ जण, पुरुष होते. पिणाऱ्या बायका पुरेशा मिळतच नाहीत, ही संशोधकांची अडचण खरी. पण त्यामुळे बाईला कोणते बोलणे लागू पडते, याचा पुरावा तयारच होत नाही.

मिश्री, गुल, गुडाखू

दारूपेक्षा तंबाखूत हे अधिक ठळक दिसते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात दारू पिणाऱ्या स्त्रिया अर्ध्या टक्क्याहूनही कमी आढळल्या. पण कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरणाऱ्या सुमारे ११ टक्के. पुरुषांत तंबाखूचे प्रमाण ३४ टक्क्यांच्या आसपास आहे.

या ११ टक्क्यांपैकी किती जणी स्वतःला व्यसनी म्हणतील? फारशा नाहीत. कारण आपल्याकडे बाईची तंबाखू दात घासण्याच्या नावाखाली येते. तव्यावर भाजून कुटलेली मिश्री सकाळी एकदा, मग जेवणानंतर, मग नुसतीच. सासू लावते, सून लावते, मुलगी पाहते. मिश्री मिळाली नाही तर डोके दुखते, पोट साफ होत नाही, कामात लक्ष लागत नाही. ही लक्षणे निकोटिनची आहेत, पण घरात तिला ‘सवय’ म्हणतात. व्यसन पुरुषाला असते, बाईला सवय असते.

औद्योगिक पट्ट्यात याला आणखी एक पदर आहे. चिखली, मोशी, कुरुळी, मेदनकरवाडीच्या चाळींत एका ओळीत चार मुलूख राहतात. मराठवाड्यातून आलेली बाई मिश्री लावते. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली गुल लावते, तीही तंबाखूचीच पूड. ओडिशा किंवा छत्तीसगडची गुडाखू वापरते. तंबाखू आणि गुळाची ती काळी लापशी असते. आता आरोग्यसेविका गरोदर बाईची नोंद करायला येते आणि प्रामाणिकपणे विचारते, ‘मिश्री लावता का?’ ओडिशाची बाई तितक्याच प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते. कागदावर तंबाखूची नोंद ‘नाही’. पुढे बाळाचे वजन कमी भरते आणि कारण अशक्तपणा म्हणून लिहिले जाते. इथे कुणीही खोटे बोललेले नसते. फक्त एका मुलखाचा शब्द दुसऱ्या मुलखाला माहीत नव्हता. व्यसनमुक्तीत प्रांत आणि भाषा आडव्या येतात त्या अशा, एका शब्दाच्या अंतराने.

गेटपास आणि दानापूरची गाडी

चाकणच्या कारखान्यांत कायम कामगारांपेक्षा कंत्राटी हात किती तरी अधिक दिसतात. मुक्तांगणसारख्या ठिकाणी दाखल होऊन घ्यायचा उपचार ३५ दिवसांचा असतो. कायम कामगारासाठी ती रजा आहे. कंत्राटी कामगारासाठी ३५ दिवस गैरहजर राहणे म्हणजे गेटपास जाणे. दरमहा २१ हजारांपर्यंत वेतन असणाऱ्यांना राज्य कामगार विम्याचे संरक्षण आहे, चिंचवडला मोहननगरमध्ये त्याचे रुग्णालयही आहे. पण आपल्या नावाचे कार्ड निघाले आहे की नाही, हेच अनेकांना ठाऊक नसते. दारू सोडायची आहे असे ठेकेदाराला सांगणे तर दूरच.

त्याचे घर इथे नाही. खोलीत सहा जण, तिघे दिवसपाळीला, तिघे रातपाळीला. व्यसनमुक्तीच्या साऱ्या पद्धतीत ‘कुटुंबाला बोलवा’ हे पहिले वाक्य असते. त्याचे कुटुंब दरभंग्याला किंवा मुर्शिदाबादला आहे. गटचर्चा मराठीत चालते. त्याला कामापुरती मराठी येते, मनातले बोलण्यापुरती नाही. राग, लाज, आठवण हे सारे माणूस आपल्याच भाषेत बोलतो. दोन-तीन बैठकांत तो गप्प बसतो आणि नोंद होते, ‘सहकार्य करत नाही’.

बिहारमध्ये एप्रिल २०१६ पासून संपूर्ण दारूबंदी आहे. तिथून आलेल्या तरुणासाठी चाकणचे उघडे परमिट रूम हे नवे जग. रोज रात्री पिणारा हा तरुण छठ किंवा ईदला घरी निघतो आणि दारू एकाएकी थांबते. पुणे-दानापूर गाडीत एक दिवसाहून अधिक काळ जातो. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप लागत नाही, कधी फिट येते. सहप्रवाशांना वाटते मिरगी आहे. गावी पोहोचल्यावर घरच्यांना वाटते, परदेशाची हवा लागली. (‘परदेश’ म्हणजे त्यांच्यासाठी आपला पुणे जिल्हाच.)

भंगारच्या धंद्यातल्या मुलांची गोष्ट याच रांगेतली. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने कुदळवाडी-चिखली भागातली गोदामे आणि शेड मोठ्या प्रमाणावर पाडली. ती कारवाई योग्य की अयोग्य हा वेगळा वाद आहे. पण तिथे राहून काम करणारी माणसे विखुरली, त्यांत कुणी उपचार घेत असेल तर त्याचा पत्ताच बदलला. व्यसनात पाठपुरावा हाच निम्मा उपचार, आणि पाठपुराव्याला पत्ता लागतो.

आणखी एक दार पोलिस ठाण्याचे आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चाकण परिसरात २० किलो मेफेड्रोन पकडले. ‘एमडी’ नावाने ओळखली जाणारी ही पावडर या पट्ट्यात किती खोलवर पोहोचली आहे, ते तेव्हा लोकांना कळले. ती ओढणारा मुलगा बंगल्यातला असेल तर घरचे त्याला डॉक्टरकडे नेतात. वस्तीतला असेल, विमुक्त जमातीचा असेल, मुसलमान असेल, तर रुग्ण म्हणून पाहण्याआधी विक्रेता म्हणून पाहिले जाण्याची भीती त्याच्या आईला असते आणि ती भीती निराधार आहे असे तिला कुणी समजावू शकत नाही. अमेरिकेने ही चूक कायद्यातच लिहून ठेवली होती. १९८६ च्या कायद्याने काळ्या वस्त्यांत खपणाऱ्या क्रॅक कोकेनच्या पाच ग्रॅमला जी किमान शिक्षा ठेवली, ती पावडर कोकेनच्या पाचशे ग्रॅमला होती. पदार्थ मुळात एकच. शंभरास एक हे गुणोत्तर २०१० मध्ये अठरास एकवर आले. आपल्याकडे असा कायदा नाही. उलट १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातच ६४ अ हे कलम आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. ही गोष्ट वस्तीतल्या आयांना माहीत असायला हवी. वकिलांनाही.

‘हमारे में तो हराम है’

मुस्लिम घरात दारूचा विषय निघाला की पहिले वाक्य हेच येते. वाक्य खरे आहे. कुरआनात दारूबंदी टप्प्याटप्प्याने आली. आधी तिचा तोटा फायद्याहून मोठा असल्याचे सांगितले गेले, मग नशेत नमाजच्या जवळ जाऊ नये असे, आणि शेवटी पूर्ण मनाई. ज्या समाजाला दारूची सवय होती त्याला सोडायला वेळ दिला गेला, याचा उल्लेख बयानात आवर्जून होतो. तो वेळ आपल्याच घरातल्या माणसाला द्यायला मात्र कुणी तयार नसते.

या मनाईचा फायदा मोठा आहे. मुस्लिम वस्त्यांत पिण्याला उघड प्रतिष्ठा नाही. लग्नात बाटली नसते. देहू-आळंदीच्या पंचक्रोशीत गळ्यात तुळशीची माळ पडली की दारू सुटते, असा अनुभव सांगणारे वारकरी कुटुंबागणिक भेटतात. मनाईचे बळ तसेच इथेही आहे. पण जो तरीही पितो, त्याच्यासाठी तीच मनाई भिंत होते. तो आजारी नसतो, गुनहगार असतो. घरचे ‘लोग क्या कहेंगे’ म्हणून डॉक्टरऐवजी झाडफूक करणाऱ्याकडे नेतात. केंद्रात नेलेच, तर ओळखीचे कुणी भेटू नये म्हणून दुसऱ्या शहरात. तिथे कुटुंबाच्या बैठकीला कुणी जात नाही. सुटून आल्यावर मोहल्ल्यात कुणाला काही ठाऊकच नसते, त्यामुळे सावरायलाही कुणी नसते. आणि घरातली बाई पीत असेल किंवा गोळ्यांच्या आहारी गेली असेल, तर तिच्यासाठी ही भिंत दुप्पट उंच.

रमजानमध्ये याचे एक टोक जिवावर बेतणारे असते. त्याबद्दल स्पष्ट बोलायला हवे. रोज मोठ्या प्रमाणात पिणारा माणूस चंद्र दिसल्यावर तौबा करतो आणि पहिल्या रोजापासून एक थेंबही घेत नाही. त्याचा निर्धार खरा असतो. पण वर्षानुवर्षे दारूला सरावलेला मेंदू असा अचानक थांबा सहन करत नाही. पहिल्या दिवसभरात थरथर, घाम, उलटी. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसे बोलतात, ताप चढतो, माणूस घरच्यांना ओळखत नाही. वेळेत रुग्णालयात नेले नाही तर यात मृत्यू होऊ शकतो. त्यात दिवसभर पाणी नाही. घरचे म्हणतात, रोजा लागला. कुणी म्हणते, आसेब आहे. श्रावण पाळणाऱ्या, नवरात्रात सोडणाऱ्या घरांनाही हा इशारा तेवढाच लागू आहे.

असा माणूस शरियतच्या दृष्टीने मरीज आहे आणि मरीजाला रोजाची सवलत कुरआनानेच दिली आहे. राहिलेले रोजे पुढे भरता येतात. आठ-दहा दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे घेऊन, जीवनसत्त्व ब-१ ची कमतरता भरून काढून नशा उतरवली, तर रमजानचे उरलेले दिवस तो धडपणे रोजे ठेवू शकेल. बऱ्याच जणांना भरतीही व्हावे लागत नाही, बाह्यरुग्ण विभागात काम होते. सहरी-इफ्तारच्या वेळांत गोळ्या कशा बसवायच्या, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारता येते. ही एवढी माहिती रमजानच्या आदल्या जुम्याला इमामसाहेबांनी मिंबरवरून सांगितली, तर दोन मिनिटे लागतील.

मशीद आणि दवाखाना यांची सांगड अशक्य नाही. क्वालालंपूरमध्ये मलाया विद्यापीठाच्या डॉक्टरांनी अर-रहमान मशिदीत हेरॉइनच्या रुग्णांना मेथाडोन देण्याचा कार्यक्रम चालवला. नमाज तिथेच, औषध तिथेच, शेजारी बसणारे तेच. मलय मुस्लिम तरुणासाठी उपचाराचे दार त्याच्या ओळखीच्या चौकटीत बसवले गेले. बायकांसाठी तेहरानचे उदाहरण अधिक बोलके आहे. शहराच्या दक्षिणेला दरवाजे-गार या गरीब भागात लैला अर्शद या समाजसेविकेने ‘खाने-ए-खुर्शीद’, सूर्याचे घर, नावाचे केंद्र चालवले. फक्त व्यसनी बायकांसाठी. गरम जेवण, डॉक्टर, बसायला जागा, आणि बाईला प्रश्न विचारणारीही बाईच.

आपल्याकडे बहुतेक मशिदींत बायकांना जागाच नसते. त्यामुळे मिंबरवरचे दोन मिनिटांचे बयान तिच्यापर्यंत पोहोचतही नाही, नवऱ्याने घरी येऊन सांगितले तरच. तिच्यापर्यंत पोहोचतात त्या मोहल्ल्यातल्या आलिमा, कुरआन शिकवणाऱ्या बाजी, आशाताई आणि बचत गटाच्या भाभी. पिंपरी, नेहरूनगर, कासारवाडी, दापोडीत दुपारी बायकांचे इज्तिमे भरतात. तिथे गुल, मिश्री आणि झोपेच्या गोळ्या हा विषय एकदा निघाला पाहिजे, आणि तो एखाद्या डॉक्टरबाईंच्या उपस्थितीत निघाला तर उत्तम.

पैशाचा प्रश्न उरतो. उपचाराच्या खर्चापेक्षा मोठा खर्च बुडणाऱ्या पगाराचा असतो. कंत्राटी कामगार ३५ दिवस आत गेला तर गावी पैसे कोण पाठवणार? रमजानमध्ये या शहरात जकात निघते. तिचा मोठा वाटा कपडे, शिधा आणि मदरशांकडे जातो. जकातीच्या हकदारांत गरीब आणि कर्जबाजारी आहेतच. एखाद्या गरीब कामगाराच्या घरी सव्वा महिन्याचा शिधा पोहोचवून त्याला उपचाराला पाठवणे, ही जकात कुठल्याही मौलानांना विचारून देता येईल. खोलीमालकाने तेवढे दिवस त्याची खाट राखून ठेवली आणि ठेकेदाराने गेटपास, तर यात हिंदू-मुसलमान हा प्रश्नच येत नाही.

सुरुवात फोनने करता येते. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची ‘टेलि-मानस’ १४४१६, दोन्ही मोफत आहेत. संत तुकारामनगरच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात केसपेपर काढून डॉक्टरांना दाखवता येते. रोज पिणाऱ्याने सोडण्याच्या आधी दाखवावे, फिट आल्यानंतर नव्हे. सोबत कुणीतरी जावे. बायको नसेल तर खोलीतला मित्र, भाऊ नसेल तर मशिदीतला शेजारी. बाई असेल तर दुसऱ्या बाईने जावे आणि तिच्या मुलांना तेवढा वेळ तिसरीने सांभाळावे. आणि डॉक्टरांकडून पुढची तारीख घेताना ती ईदनंतरच्या तिसऱ्या-चौथ्या दिवसाची मागून घ्यावी. महिनाभर सांभाळलेला माणूस पुन्हा घसरण्याचा धोका त्या आठवड्यात सर्वाधिक असतो. चाँदरात असते, हातात बोनस असतो, मित्र सुट्टीवर असतात आणि इफ्तारला रोज शेजारी बसणारे आपापल्या गावी गेलेले असतात.